भूल देणारे हात आणि विम्याचा हिशेब

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत आरोग्यसेवकांच्या जाहीर निर्देशिका असतात. त्यांत भूल देणाऱ्या परिचारिकेची, म्हणजे तिकडे जिला नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणतात तिची, नोंद सहा-सात ओळींत आटोपते. नाव, शिक्षण, कोणत्या राज्याचा परवाना, कोणते प्रमाणपत्र, दहा आकडी राष्ट्रीय नोंदणी क्रमांक, कोणत्या रुग्णालयाशी संबंध आणि शेवटी कोणकोणत्या विमायोजनांत ती सहभागी आहे याची यादी. ज्याला काही नवे दिसत नाही तो ही नोंद दुकानावरची पाटी वाचावी तशी वाचून पुढे जाईल. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. या सहा-सात ओळींत एका श्रमाची शंभर वर्षांची कहाणी दडलेली आहे. बाजारपेठेच्या भक्तांना अडचणीत टाकणारा एक प्रश्नही त्यांत आहे.

तो प्रश्न असा की, ही नोंद वाचायची कोणी? भाजी घेणारा भाजीवाला निवडतो. शस्त्रक्रिया करून घेणारा, परिस्थिती साथ देत असेल तर, सर्जन निवडतो, क्वचित रुग्णालयही निवडतो. भूल देणारी व्यक्ती मात्र तो निवडत नाही. कामाच्या वाटपाचा तक्ता रुग्णालयात तयार होतो, त्यात कोणत्या शस्त्रक्रियागृहात कोण हे ठरते, आणि रुग्णाची तिच्याशी पहिली भेट होते ती त्याच सकाळी, सुई टोचण्यापूर्वीच्या काही मिनिटांत. त्यानंतर ‘ग्राहक’ बेशुद्ध असतो. ग्राहकाच्या सार्वभौमत्वावर उभारलेले जे अर्थशास्त्र विद्यापीठांतून शिकविले जाते, त्याला या टेबलावर शब्दशः भूल चढते. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की, अनिश्चितता आणि माहितीची विषमता यांमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही. भुलेच्या बाबतीत तर माहितीची विषमता पराकोटीला पोचते. कारण सेवा घेतली जात असताना ती घेणाऱ्याला जाणीवच नसते. तरीसुद्धा ती परिचारिका त्याच्या विमाकंपनीच्या यादीत आहे की नाही, यावर शुद्धीवर आल्यानंतर त्याला किती देणे लागेल हे अनेक वर्षे ठरत आले.

प्रथम शिक्षणाच्या ओळीकडे पाहू. आज ही परिचारिका होण्यासाठी परिचर्येतील पदवी, नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना आणि अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचे काम एवढे झाल्यावर विशेष अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो. त्या अभ्यासक्रमात किमान ६०० रुग्णांना भूल देण्याचा आणि २००० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मग राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. २०२२ पासून या अभ्यासक्रमात येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट पातळीचे शिक्षण अनिवार्य झाले आहे. मध्यम वेतन वर्षाला दोन लाख डॉलरांहून अधिक आहे. तेव्हा ‘बिचारी परिचारिका’ असे चित्र कोणी मनात आणू नये. अमेरिकन कामगारवर्गात हा अत्यंत कुशल आणि चांगला पगार मिळविणारा थर आहे. त्याची कथा सांगायची ती दयेपोटी नाही. कौशल्य वाढते, पदवी वाढते, पगारही वाढतो आणि तरी त्या श्रमाची किंमत ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्याच हाती राहतो, हे कसे घडते ते या उदाहरणात स्वच्छ दिसते म्हणून.

हे काम परिचारिकांकडे आले कसे? १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मॉर्टन या दंतवैद्याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यानंतरची काही दशके भूल देणे हे हलके काम मानले जाई. शस्त्रक्रियागृहात जो सर्वांत कनिष्ठ असेल, शिकाऊ विद्यार्थी किंवा नवखा डॉक्टर, त्याच्या हाती ईथरचा मुखवटा दिला जाई. त्याचे लक्ष रुग्णाच्या श्वासाकडे नसे, सर्जनच्या सुरीकडे असे. त्याला शिकायचे होते ते तिथे. रुग्ण दगावत. तेव्हा सर्जनांनी वेगळी माणसे शोधली. १८७७ साली पेनसिल्व्हानियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीने हे काम हाती घेतले आणि पहिली भूलपरिचारिका म्हणून तिचेच नाव घेतले जाते. पुढे मिनेसोटातील रोचेस्टर येथे मेयो बंधूंच्या रुग्णालयात अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने या कामाला शास्त्राचे रूप दिले. १९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलेचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलेमुळे ओढवलेला एकही मृत्यू नव्हता. ईथर थेंबाथेंबाने, रुग्णाशी बोलत, त्याला धीर देत द्यावे हे तिचे तंत्र पाहायला दूरदूरचे सर्जन येत.

सर्जनांना परिचारिका का हवी होती याची कारणे त्या काळात मोकळेपणाने सांगितली जात. ती आपले सारे लक्ष भुलेवर ठेवील, दुय्यम स्थानावर समाधानी राहील आणि तुलनेने कमी मोबदल्यात काम करील. यातले पहिले कारण रुग्णाच्या हिताचे होते. दुसरे आणि तिसरे कोणाच्या हिताचे, हे वेगळे सांगायला नको. गुण, आज्ञाधारकपणा आणि स्वस्ताई ही तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून या व्यवसायाचा जन्म झाला. त्या गाठोड्याच्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत.

इंग्लंडात नेमके उलट घडले. तेथे जॉन स्नो या डॉक्टरने १८५३ साली खुद्द राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले, आणि राजवाड्याच्या उंबऱ्यातून आत गेलेले ते काम सभ्य डॉक्टरचे काम ठरले. हत्यार जवळजवळ तेच, विद्या तीच. एका देशात ती पुरुष डॉक्टरची विद्या झाली, दुसऱ्या देशात बाईचे काम झाले. श्रमाची प्रतिष्ठा त्या श्रमाच्या अंगभूत गुणांवरून ठरते असे समजणाऱ्यांनी यावर विचार करावा.

काम नाजूक आहे, त्यात पैसा आहे, हे ध्यानात येताच डॉक्टरांच्या संघटना जाग्या झाल्या. केंटकी राज्यात लुईव्हिलच्या डॉ. लुई फ्रँक या सर्जनकडे मार्गारेट हॅटफील्ड ही परिचारिका भूल देत असे. हा विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय आहे, असा आक्षेप आला. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो परिचारिकेच्या बाजूने. परवान्याचे कायदे लोकांच्या रक्षणासाठी आहेत, एखाद्या पेशाच्या मिळकतीच्या रक्षणासाठी नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे १९३० च्या दशकात, मंदीने डॉक्टरांचेही उत्पन्न आटवले असताना, कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन या परिचारिकेवर तसाच खटला भरला गेला आणि १९३६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तीही जिंकली. दरम्यान १९३१ साली क्लीव्हलँड येथे अगाथा हॉजिन्स हिच्या पुढाकाराने या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. हॉजिन्स ही पहिल्या महायुद्धात सर्जन जॉर्ज क्राइलबरोबर फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना भूल देऊन आलेली बाई.

हे विजय साजरे करताना त्यांतील मेख विसरता कामा नये. न्यायालयाने परिचारिकेला मोकळे सोडले ते कोणत्या आधारावर? ती सर्जनच्या देखरेखीखाली, त्याच्या आज्ञेने काम करते. निदान आणि निर्णय त्याचे, हात तिचा. म्हणून ती वैद्यकीय व्यवसाय करीत नाही. डोके दुसऱ्याचे आहे असे शपथेवर मान्य केल्यावरच तिच्या हातांना काम करण्याचा हक्क मिळाला. खटला जिंकण्यासाठी दुसरा युक्तिवाद त्या वेळी उपलब्ध नव्हता, हेही तितकेच खरे. परंतु कायद्यात ‘आज्ञेने’ हा शब्द एकदा बसला की हिशेबाच्या वहीतही तो बसतो. आज्ञा ज्याची, बिल त्याचे.

येथे एका स्त्रीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. २० सप्टेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत कागद कापायची सुरी भोसकली गेली. हार्लेम रुग्णालयात त्यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा श्वास चालू ठेवणाऱ्यांत गोल्डी ब्रँगमन ही कृष्णवर्णीय भूलपरिचारिका होती. पुढे १९७३ साली ती राष्ट्रीय संघटनेची पहिली कृष्णवर्णीय अध्यक्षा झाली. किंग यांच्या चरित्रांतून सर्जनांची नावे सापडतात, श्वासाची पिशवी दाबणाऱ्या हातांचे नाव शोधावे लागते.

आता विम्याकडे वळू, कारण खरी गोष्ट येथेच आहे.

अमेरिकेतील आरोग्यविम्याची सुरुवात १९२९ साली डॅलसच्या बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी काढलेल्या योजनेपासून मानतात. महिन्याला ५० सेंट भरावेत आणि वर्षात २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय मिळवावी, अशी ती योजना. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली वेतनावर नियंत्रण आले. मालकांनी कामगारांना खेचण्यासाठी पगाराऐवजी विम्याचा लाभ देऊ केला, पुढे १९५४ च्या कायद्याने तो करमुक्त असल्याचे पक्के झाले, आणि माणसाचे आरोग्य त्याच्या नोकरीला बांधले गेले. नोकरी गेली की विमा गेला. म्हातारे या साखळीबाहेरच राहिले. त्यांच्यासाठी १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरचा कायदा केला, तो डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध मोडून. परंतु विरोध मोडताना तडजोडही करावी लागली. योजनेचे दोन भाग झाले: एकातून रुग्णालयाचा खर्च, दुसऱ्यातून डॉक्टरांची फी. भूल देणारी परिचारिका यांपैकी कोणत्याच खिडकीवर स्वतःच्या नावाने उभी राहू शकत नव्हती. ती रुग्णालयाची नोकर असेल तर तिचा पगार रुग्णालयाच्या खर्चात जमा. डॉक्टरची नोकर असेल तर तिचे काम डॉक्टरच्या बिलात जमा. काम तिचे दिसत होते, वहीत ती दिसत नव्हती.

१९८३ साली या व्यवस्थेत एक बदल झाला आणि तिचे अदृश्य असणे एकाएकी धोक्याचे ठरले. मेडिकेअरने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी रोगाच्या वर्गवारीनुसार ठरीव रक्कम देण्याचे ठरविले. गर्भाशय काढायचे असो की हर्निया शिवायचा असो, रक्कम आधीच ठरलेली. खर्च कमी झाला तर उरेल ते रुग्णालयाचे. आता रुग्णालयाचा व्यवस्थापक कसा विचार करील पाहा. परिचारिकेकडून भूल दिली तर तिचा पगार या ठरीव रकमेतून जातो. डॉक्टरकडून दिली तर त्याची फी सरकार दुसऱ्या खिडकीतून वेगळी देते, रुग्णालयाला एक पैसाही पडत नाही. म्हणजे समाजाला जी व्यक्ती स्वस्त पडते तीच रुग्णालयाला महाग पडू लागली! परिचारिकेच्या कौशल्यात रात्रीतून काही कमी झाले नव्हते. जमाखर्चाचे रकाने तेवढे बदलले होते. संघटनेने वॉशिंग्टनमध्ये धाव घेतली. प्रथम तात्पुरती सवलत मिळाली, आणि १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरचे पैसे थेट स्वतःच्या नावाने घेण्याचा हक्क या परिचारिकांना मिळाला. १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील परिचर्येच्या कोणत्याही शाखेला मिळालेला असा हा पहिलाच हक्क होता. निर्देशिकेतील विम्याची ओळ, त्या परिचारिकेच्या स्वतःच्या नावापुढची, त्या दिवसापासून अर्थपूर्ण झाली.

हा हक्क केवढ्याचा, ते आकड्यांतच पाहावे. मेडिकेअर भुलेची किंमत एककांत मोजते. शस्त्रक्रियेच्या स्वरूपानुसार काही मूळ एकके, त्यांत दर पंधरा मिनिटांना एक एकक मिळवायचे, आणि बेरजेला ठरीव दराने गुणायचे. २०२५ साली हा दर सुमारे २० डॉलर होता. उदाहरणादाखल, मूळ एकके पाच आणि वेळ दीड तास धरला तर एकूण अकरा एकके, म्हणजे साधारण २२० डॉलर. परिचारिकेने डॉक्टरच्या निर्देशनाशिवाय एकटीने भूल दिली तर ही पूर्ण रक्कम तिच्या नावावर. डॉक्टरने एकट्याने दिली तर त्याच्या. डॉक्टरने ‘निर्देशन’ केले आणि परिचारिकेने दिली तर अर्धी त्याला, अर्धी तिला. येथपर्यंत न्याय्य वाटते. परंतु नियम असे सांगतो की, एक डॉक्टर एकाच वेळी चार शस्त्रक्रियागृहांचे निर्देशन करू शकतो. चार खोल्यांतून प्रत्येकी ११० म्हणजे त्याच दीड तासात ४४० डॉलर. स्वतः एका रुग्णाजवळ बसला असता तर २२०. चारही परिचारिका मात्र आपापल्या ११० वरच. निर्देशन कसे करावे याच्या अटी आहेत, भूल देताना आणि उतरताना डॉक्टरने हजर असावे वगैरे, आणि प्रामाणिक डॉक्टर त्या पाळतातही. तरी दुप्पट मिळकत कोठून आली, हे समजायला मार्क्सची पारायणे करावी लागत नाहीत.

आणखी एक बारकावा. मेडिकेअरचा दर पूर्ण मोबदला म्हणून मान्य करणे, त्याहून अधिक रुग्णाकडून न मागणे, याला ‘असाइनमेंट’ म्हणतात. डॉक्टरला ती मान्य न करता मर्यादेत जादा आकारणी करण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. परिचारिकेला ती मुभा नाही. म्हणून निर्देशिकेत तिच्या नावापुढे ‘मेडिकेअरची असाइनमेंट मान्य’ असे छापलेले दिसते तेव्हा तो तिचा औदार्याचा निर्णय नसतो. समाजवाद्यांनी यावर तक्रार करू नये. सर्वांनाच हे बंधन असावे असे म्हणावे.

देखरेखीचा प्रश्न सुटला नाही तो नाहीच. क्लिंटन यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जानेवारी २००१ मध्ये, मेडिकेअरने डॉक्टरच्या देखरेखीची अट काढून टाकणारा नियम केला. बुश यांचे सरकार आले आणि त्याने नोव्हेंबरात तो बदलून अट पुन्हा घातली; मात्र राज्यांच्या राज्यपालांना पत्र लिहून तीतून बाहेर पडण्याची मुभा ठेवली. त्याच डिसेंबरात आयोवा हे शेतीप्रधान राज्य प्रथम बाहेर पडले. त्यानंतर वीसहून अधिक राज्ये बाहेर पडली आहेत. कारण तत्त्वाचे कमी, गरजेचे अधिक आहे. ग्रामीण अमेरिकेतील लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ डॉक्टर जायला तयार नसतो; तेथे बाळंतिणीचे पोट उघडायचे असो की शेतकऱ्याचा यंत्रात सापडलेला हात वाचवायचा असो, भूल देणारी परिचारिकाच असते. ज्या राज्यांत देखरेखीची अट आहे तेथेही ती शस्त्रक्रिया करणारा सर्जन पुरी करू शकतो, ज्याला भुलेचे शिक्षण तिच्या मानाने कितीतरी कमी असते. अट कागदावर कोणाचे रक्षण करते, हे विचारायला जागा आहे.

खासगी विम्याचा प्रांत आणखी वेगळा. सरकारी लेखापरीक्षण खात्याच्या २००७ मधील अहवालाप्रमाणे भुलेसाठी मेडिकेअर देत असलेला मोबदला खासगी विमाकंपन्यांच्या साधारण एक-तृतीयांश होता. जेथे एवढी तफावत आहे तेथे भांडवल येणारच. येथे आरंभीचा मुद्दा, रुग्ण भूल देणाराला निवडत नाही हा, सोन्याची खाण ठरला. रुग्णालय विमाकंपनीच्या यादीत, सर्जन यादीत. भूल देणारा गट मात्र यादीबाहेर. रुग्ण घरी जातो आणि काही आठवड्यांनी त्याच्या हाती हजारो डॉलरांचे बिल पडते. यादीबाहेर राहणे ही काही गटांची धंद्याची रीतच झाली. खासगी भांडवली निधींनी भुलेचे गट विकत घेऊन त्यांचे एकत्रीकरण सुरू केले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने टेक्सासमधील अशा एका मोठ्या कंपनीवर आणि तिच्यामागच्या निधीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. एकामागून एक डझनाहून अधिक गट विकत घेऊन दर चढविल्याचा आयोगाचा आरोप होता. डिसेंबर २०२० मध्ये झालेला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला ‘नो सरप्राइझेस’ कायदा रुग्णाला या अचानक बिलांपासून वाचवितो. विमाकंपनी आणि सेवा देणारा गट यांनी आपले भांडण लवादापुढे सोडवावे, रुग्णाने यादीतल्या दरानेच आपला वाटा द्यावा, असे त्याचे स्वरूप. भुलेच्या बाबतीत तर रुग्णाची संमती घेऊनही हे संरक्षण बाजूला सारता येत नाही. बेशुद्ध माणूस ग्राहक नसतो, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला मध्ये पिढ्या गेल्या.

हे सर्व लक्षात घेऊन परिचारिकांच्या संघटनेच्या धोरणाकडे पाहिले पाहिजे, आणि येथे सहानुभूती बाळगूनही टीका करणे प्राप्त आहे. ही संघटना आपल्या हक्कासाठी जो युक्तिवाद वर्षानुवर्षे मांडत आली त्यात सुरक्षिततेच्या जोडीला एक शब्द सतत असतो: कमी खर्चात. परिचारिका तेवढीच सुरक्षित भूल कमी खर्चात देते, म्हणून तिला मोकळीक द्या. युक्तिवाद खरा आहे. पण तो ऐकणारा कोण? रुग्णालयाचा व्यवस्थापक आणि विमाकंपनी. २०२३ साली सिग्ना या मोठ्या विमाकंपनीने जाहीर केले की, परिचारिकेने डॉक्टरच्या निर्देशनाशिवाय दिलेल्या भुलेला यापुढे ठरलेल्या दराच्या ८५ टक्केच मिळतील. तोच रुग्ण, तीच शस्त्रक्रिया, तेवढीच मिनिटे, तीच औषधे. नावापुढची अक्षरे वेगळी म्हणून १५ टक्के वजा. संघटनेने हा पक्षपात आहे म्हणून निषेध केला, आणि तो पक्षपात आहेच. २०१० च्या आरोग्य कायद्यात परवान्याच्या आधारे सेवकांत भेदभाव करू नये असे कलम आहे. ते २०१४ पासून लागू आहे. त्याचा नियम तयार करण्यासाठी काँग्रेसने १ जानेवारी २०२२ ही मुदत दिली, ती नियम न निघताच उलटून गेली. परंतु ज्याने स्वतःला स्वस्त म्हणून बाजारात उभे केले, त्याला बाजार एके दिवशी म्हणणारच की, मग स्वस्तात द्या. त्या १५ टक्क्यांनी कोणाचा हप्ता कमी झाला? विमेदाराला त्यातले काही मिळावे अशी कोणतीही अट त्या निर्णयाला जोडलेली नव्हती.

समान कामाला समान दाम ही मागणी वेगळी आणि आम्ही परवडतो ही मागणी वेगळी. पहिली मागणी सफाई कामगारापासून सर्जनपर्यंत कोणालाही जोडून घेऊ शकते. दुसरी मागणी करणारा आपल्याहून स्वस्त कोणीतरी येईपर्यंतच सुरक्षित असतो. जाता जाता एक निरीक्षण: पगार आणि प्रतिष्ठा वाढत गेली तसे या व्यवसायात पुरुष आले; आज ते सुमारे ४० टक्के आहेत, तर एकूण परिचर्येत आठांत एखादाच. २०२१ साली संघटनेने आपल्या नावातला ‘अ‍ॅनेस्थेटिस्ट’ शब्द बदलून ‘अ‍ॅनेस्थेसियॉलॉजी’ केला आणि डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. नावाचे भांडण क्षुल्लक नसते, पण विमाकंपनीचा दर त्याने बदलत नाही.

याला पर्याय आहे का, असे कोणी विचारील. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे भूल मुख्यतः डॉक्टर देतात, पगारावर देतात, आणि रुग्णाच्या हाती बिल येत नाही. स्वीडनमध्ये विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका डॉक्टरांच्या जोडीने भूल देतात, त्याही पगारावर. म्हणजे परिचारिका की डॉक्टर, हा प्रश्न वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या रीतीने सोडविला. दोन्हीकडे तो शिक्षण, मनुष्यबळ आणि सुरक्षितता यांचा प्रश्न राहिला, कारण प्रत्येक श्वासामागे एक बिल नव्हते. अर्थात पगार आला की अधिकाराचे भांडण मिटते, असा भाबडा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतच माजी सैनिकांची रुग्णालये सरकारी आहेत, सेवक पगारी आहेत. तेथे डिसेंबर २०१६ च्या नियमाने उच्च शिक्षित परिचारिकांच्या इतर शाखांना स्वतंत्र कामाचा अधिकार मिळाला. भूल देणाऱ्या परिचारिकांना तेवढे वगळले, भूलतज्ज्ञ डॉक्टरांची टंचाई नाही असे कारण देऊन. पेशांची उतरंड भांडवलापेक्षा जुनी आहे आणि तिच्याशी वेगळे भांडावे लागते. पण त्या रुग्णालयात भूल कोणी दिली यावरून सैनिकाला बिल मात्र येत नाही.

हा सारा विषय परक्या देशाचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. आपल्याकडे परिचारिका भूल देत नाही; ग्रामीण भागातील टंचाईवर उपाय म्हणून एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भुलेचे प्रशिक्षण देण्याची योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात आली. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आपली बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो, आणि त्याचे पैसे बहुधा सर्जनच्या हातून मिळतात; मॅगॉच्या काळातल्या ‘आज्ञा ज्याची, बिल त्याचे’ या न्यायाला आपल्याकडे अजून मरण नाही. त्यातच सरकारी पैशाने खासगी सेवा विकत घेण्याचे धोरण आले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात आली. दोन्ही योजनांत शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला पॅकेजची ठरीव रक्कम मिळते आणि तीतच सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, औषधे सगळी येतात. १९८३ साली मेडिकेअरने जे केले त्याचीच ही आवृत्ती आहे: ठरीव रक्कम, आणि खर्च वाचला तर उरेल ते रुग्णालयाचे. तेव्हा पॅकेजमधील काटकसर प्रथम कोणाच्या पगारावर येते, भुलेसाठी कोणाला बोलाविले जाते आणि त्याला किती दिले जाते, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या उशाशी कोण थांबते, या गोष्टी आपल्या जिल्ह्यातील योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांतून कार्यकर्त्यांनी विचारून नोंदवून ठेवाव्यात. परिचारिकांच्या संघटनांना त्या कामात बरोबर घ्यावे. शस्त्रक्रियागृहात रात्रभर कोण उभे होते याची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.